वहिनीच्या हृदयाची भिंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुतणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तसे प्रयत्न झाले. पण दर वेळी मी वहिनीबद्दल बोलायला लागतो आणि तिच्या कौतुकातच वाहवत जातो. ऐकणारा खूश होतो, मीही खूश होतो, आणि सांगायचं ते घशातच राहतं. आताही तसंच होईल का? थोडं होईलच. पण ते कौतुक खरं आहे, एवढं आधी सांगून ठेवतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमन. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्याही आत; धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, संपली की लगेच जंगल. ती लग्न होऊन आली तेव्हा आमची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मी प्राथमिक शाळेत होतो. तिच्या पदरात नवरा पडला तसा एक शेंबडा दीरही पडला. एखाद्या नव्या नवरीनं नाक मुरडलं असतं. तिनं माझं नाक पुसलं. इतर बायका दिराला भाऊजी म्हणतात; ती मला तेव्हापासून ‘बाबू’ म्हणते. आता माझे केस पिकलेत, तरी बाबूच.

पुढे भाऊ काविळीनं गेला. घरात उरल्या वहिनी आणि तिची लेक मंदा. मी तोवर चंद्रपुरात एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो होतो. शिकलो कुणाच्या जिवावर, ते सांगायला नको.

तिला तुम्ही रोवण्यात पाहायला हवं होतं. आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात. गावातल्या कुणाच्याही बांधीत रोवणा लागला की बोलावणं आधी वहिनीला. हात तर चालायचाच, पण गाणंही तीच उचलायची. गुडघाभर चिखल, पाठ वाकलेली, तोंडात गाणं, आणि मागे पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जायची ती दिवस उजाडायच्या आधी, आणि इतर बायकांच्या टोपल्या अर्ध्या होईस्तोवर हिची भरलेली. अशा बाईला काही दुखणं असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

पण डोकं जड वाटतं, मानेत ठणकतं, असं ती म्हणायला लागली. मी तिला चंद्रपूरला नेलं. डॉक्टर मॅडम तेव्हा नव्यानंच आल्या होत्या — वयानं लहान, बोलणं भराभर, पण पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलायच्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला. मग ईसीजीची पट्टी काढली, मग हृदयाची सोनोग्राफी केली.

“बीपी बऱ्याच वर्षांपासून वाढलेलं असणार, यांना कळलंच नाही,” मॅडम म्हणाल्या. “हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतंय. जोर लावून लावून डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे.”

“जाड झाली म्हंजे मजबूतच झाली ना?” वहिनीनं विचारलं.

मॅडम हसल्या. “तसं वाटतं खरं. पण जाड भिंत आखडते. नीट सैल होत नाही, मग आत रक्त हवं तसं भरत नाही. आत्ता तुम्हाला काही जाणवत नसेल. पुढे दम लागायला लागेल.”

“बैलाच्या खांद्यावर जूचा घट्टा पडते, तसं काय?”

“जवळपास तसंच. पण हा स्नायू जिवंत आहे. वरचा भार कमी केला, म्हणजे बीपी आटोक्यात ठेवलं, की हळूहळू पुन्हा पातळ होऊ शकतो. वेळ लागतो. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी रोज. मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही.”

हे शेवटचं वाक्य मीही ऐकलं होतं. नीट, स्पष्ट ऐकलं होतं. मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गावात औषधाचं दुकान नाही. गोळ्या मी न्यायच्या असं ठरलं. महिन्यातून एकदा रविवारी गावी जायचो, तेव्हा पिशवीत गोळ्या असायच्या. मधूनमधून वहिनीला मॅडमना दाखवून आणायचो. बीपी खाली आलं. डोकं दुखणं थांबलं. सगळं ठीक चाललं होतं — कदाचित फारच ठीक.

त्या दिवाळीनंतर मला नाटकात काम मिळालं. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. धान घरात आलं की गावोगावी मंडप पडतात, हजारो माणसं बसतात. शाळेच्या गॅदरिंगपलीकडे कधी तोंडाला रंग न लावलेल्या मला एका कंपनीनं नायकाच्या भावाचं काम दिलं. मी हवेत होतो. रविवार तालमीत जायला लागले. एकदा गावी जायचं राहिलं. मंदाचा फोन आला — काका, आईच्या गोळ्या संपल्या. पुढच्या रविवारी आणतो म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा तालीम. आणि त्यानंतर जेव्हा गेलो, तेव्हा पिशवीत संत्री होती, माझ्या नाटकाचं रंगीत पोस्टर होतं, गोळ्या नव्हत्या. विसरलो होतो. एवढंच.

वहिनी अंगणात सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. पोस्टर हातात घेऊन तिनं माझा फोटो शोधला, हसली, मंदाला हाक मारून दाखवला. मग सहज म्हणाली, “बाबू, गोळ्या आणल्या?”

विसरलो म्हणायचं होतं. एक शब्द. ती काही रागावली नसती. उद्या-परवा पोंभुर्ण्याहून कुणाकडून मागवल्या असत्या. मग का नाही म्हणालो? पोस्टर बघून ती इतकी खूश झाली होती, त्यावर पाणी पडू नये म्हणून? की ती जबाबदारीच मला जड व्हायला लागली होती म्हणून? मी याचं उत्तर पुष्कळ शोधलं. जे सापडतं ते चांगलं नाही.

मी घुटमळत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “नाई घेतल्या तरी बरं वाटून राह्यलं मले.”

आणि मी म्हणालो, “तेच तर सांगायचं होतं. मी मॅडमना भेटूनच आलो. तुझं बीपी नॉर्मल आहे ना आता — त्या म्हणाल्या, गोळ्यांची गरज नाही. बंद करा.”

किती सहज आलं तोंडात! तालमीत एवढा सहज संवाद माझ्याकडून एकदाही निघाला नव्हता.

वहिनीनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “बरं झालं बापा. कायमचं बांधून घ्याचं म्हंजे जिवाले घोर होता.” त्या दिवशी तिनं वडे तळले. शेजारच्या दोन घरी पाठवले. कशाचे, विचारलं तर सांगायची — मॅडमनं गोळ्या बंद केल्या. मी ते वडे खाल्ले. चांगले झाले होते.

परत येताना ठरवलं होतं, पुढच्या खेपेला गोळ्या नेऊ, म्हणू की मॅडमनी पुन्हा सुरू केल्यात. हे किती सोपं होतं ते बघा. मी तेवढंही केलं नाही. पुढच्या खेपेला ती इतकी छान दिसली, इतकी चालती-फिरती, की मला वाटलं — खरंच गरज नसेल. मी, विज्ञानाचा मास्तर! फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून पोरांना समजावणारा! बीपी गोळ्यांमुळे नॉर्मल आहे, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. पण कळलेलं बाजूला ठेवता येतं, त्याला फार कष्ट पडत नाहीत.

गावातली आशाताई तिला विचारायची, काकू, बीपी तपासू का? वहिनी म्हणायची, “मॅडमनंच बंद केलं न माय, आता काय तपासतं.”

एक पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन रोवण्यात मंदाचा फोन आला. आई बांधीतून उठून धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसली, म्हणाली. गाणं म्हणता म्हणता थांबली आणि श्वासच पुरेना. घरी आणली तर आडवी होता येत नाही, पाठीला गाठोडं लावून बसूनच आहे. पाय सुजलेत.

मी गाडी घेऊन गेलो. तिला पाहिलं आणि मला सगळं एकदम समजलं. ती मात्र माझ्याकडे बघून हसली. दम खात खात म्हणाली, “तुह्यी शाळा बुडली माह्या पायी.”

दवाखान्यात फुफ्फुसात पाणी झाल्याचं निघालं. बीपी मॅडमनी मोठ्यानं वाचलंही नाही, नुसतं नर्सला दाखवलं. इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी ती सावरली, तेव्हा पुन्हा सोनोग्राफी झाली. भिंत आधीपेक्षा जाड झाली होती. मॅडम खाटेशी आल्या. सोबत नर्स होती, शिकाऊ डॉक्टर होते, आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट होते. आणि पायथ्याशी मी.

“गोळ्या कोणी बंद केल्या?” मॅडमचा आवाज चढलेला होता. “मी काय सांगितलं होतं? कोणाला विचारून बंद केल्या?”

आता वहिनी सांगणार — तुम्हीच तर म्हणाल्या होत्या, बाबू सांगत आला. मी खाटेची दांडी धरली. तोंड उघडलंही असेल थोडं. वहिनीनं मॅडमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कसं सांगू — लेकराकडं पाहावं तसं. मग ती म्हणाली,

“माह्या मनानंच बंद केल्या, मॅडम. चुकलंच माह्यं.”

मॅडम खूप बोलल्या. शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, हे बघा, असं होतं. वहिनी मान खाली घालून ऐकत राहिली. तिला कधी कुणी असं चारचौघांत बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मी ऐकत राहिलो. मीही मान खालीच घातली होती.

सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, हिला कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, “बाबू, मॅडमच म्हनल्या होत्या न तुले, बंद करा म्हणून? इसरल्या असतीन. किती पेशंट पाह्यतेत दिवसभर. लहान पोरगी हाये. तू काई बोलू नको बरं. एवढ्या लोकाइपुढं त्याइले कमीपणा येईन.”

मी म्हणालो, “बरं.”

पहिलं खोटं अंगणात बोललो, ते घाईत, बेसावध असताना. त्याला एक वेळ मूर्खपणा म्हणाल. पण हे ‘बरं’? या वेळी घाई नव्हती. वॉर्ड शांत होता. तिचा हात माझ्या हातात होता. जिच्या हृदयाचं मी हे करून ठेवलं होतं, ती एका परक्या पोरीची इज्जत वाचवत होती — आणि मी त्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. माझा खरा गुन्हा हा दुसरा आहे.

आता पुढचं सांगतो, आणि इथे मला कौतुक करू द्या.

बरी होऊन घरी गेली, ती वेगळीच होऊन. म्हणाली, आता दवाखान्यात मीच जाईन. “तुह्यावर भरोसा नाई असं नाई. पण मॅडम इसरतेत. आपण सोता समोर बसून ऐकलं म्हंजे बरं.” तेव्हापासून दर महिन्याला ती एकटी एसटीनं चंद्रपूरला येते. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर आधीच निघून माझ्याकडे मुक्कामाला येते. गोळी सकाळी चहाच्या आधी. लग्नाला जावो, जत्रेला जावो, पदराच्या गाठीत गोळी असतेच.

एका गोळीनं तिला कोरडा खोकला लागला. रात्रंदिवस खोकायची. दुसरं कुणी सोडून दिली असती. ती खोकत खोकत बस पकडून मॅडमकडे आली आणि म्हणाली, याच्याबदली दुसरं काई असन त द्या, पण बंद नाई करत. मॅडमनी गोळी बदलली, खोकला गेला.

सुकी मासोळी म्हणजे तिचा जीव. उन्हात खारवून वाळवलेली, तव्यावर भाजून भातासोबत. मिठाचं ऐकलं आणि तिनं ती सोडली. मंदासाठी, माझ्यासाठी अजूनही भाजते, ताटात वाढते, आणि स्वतः अळणी वरण घेऊन समोर बसते. तोंडावरची रेघ हलत नाही. लोणचं बंद, पापड बंद. पहिल्या वर्षी रोवण्यात उतरली नाही. धुऱ्यावर बसून गाणं तेवढं द्यायची. दुसऱ्या वर्षी मॅडमना विचारून थोडं उतरली.

वर्षभरानं पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा भिंत होती तेवढीच होती. बीपी उत्तम, पण भिंत जशीच्या तशी. मीच खचलो. ती म्हणाली, “येवढ्या वर्साची जाड झालेली हाये, एका सालात कशी उतरन? राहू दे तिले, मी हावो न.”

आणि मग आणखी काही काळ गेल्यावर तो दिवस आला. मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली — आधीचं आणि आजचं. करडं, धूसर, पण दोन्हीत हृदय हलत होतं. मी शाळेत इतकी वर्षं खडूनं काढलेलं हृदय कधी हललं नव्हतं. डावीकडच्या चित्रात भिंत जाड, आखडलेली, मधली जागा चिंचोळी. उजवीकडच्या चित्रात तीच भिंत बारीक झालेली; ठोका पडला की आत ओढली जायची आणि लगेच मोकळी, सैल व्हायची. पूर्ण पहिल्यासारखी नाही, मॅडम म्हणाल्या, पण बरीच मागे आली आहे. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी बाहेरून शिकाऊ डॉक्टरांना बोलावून घेतलं. “हे बघा. औषधं नियमित घेतली की काय होतं ते बघा.”

वहिनी पडद्याकडे टक लावून बघत होती. “हे माह्यं हाये?” तिनं विचारलं. “चाल त मस्त हाये त्याची.”

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आनंद झाला होता, खरंच झाला होता. तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका.

निघताना मॅडम मला म्हणाल्या, तुम्हीही खूप केलंत यांच्यासाठी. आणि वहिनी लगेच म्हणाली, “माह्या देरानंच गाडी आणली म्हणून मी हावो मॅडम. नाईतर धुऱ्यावरच गेली असती.” गावातही ती हेच सांगते. गावातली माणसं मला मानतात.

दर वर्षी नवा तांदूळ निघाला की ती मॅडमसाठी घेऊन येते, नको म्हटलं तरी टेबलाखाली ठेवून जाते. मॅडमना वाटतं, बाईंना जीव वाचल्याची जाण आहे. मला माहीत आहे, वहिनीच्या मनात दुसरंही काही आहे. त्या पोरीकडून एकदा चूक झाली, ती तिच्या मनाला लागून राहू नये, असं वहिनीला वाटतं. मॅडमकडून कधीच काही चूक झाली नव्हती. खरं काय झालं ते त्या दोघींनाही माहीत नाही. एक दुसरीला माफ करते आहे, दुसरी पहिलीला उदाहरण म्हणून दाखवते आहे.

कारण मॅडम दाखवतात. बाहेरच्या बाकांवर कुणी गोळ्या सोडलेलं आलं की त्या वहिनीला हाक मारतात — सांगा यांना, तुमचं काय झालं होतं. आणि वहिनी सांगते. एकदा नाही, कितीतरी वेळा सांगितलंय. माह्या मनानं बंद केल्या होत्या, बाई. माही चूक. मरता मरता वाचली. तिचं ऐकून कितीतरी बायका पुन्हा गोळ्या घ्यायला लागल्या आहेत. गावातल्या कुणाला बीपी निघालं की आशाताई त्यांना आधी वहिनीकडेच पाठवते.

यंदा धान कापणीनंतर मी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो. ती हल्ली जिना चढताना कठड्याला हात लावत नाही, मीच लावतो. बाकावर सिंदेवाहीकडची एक बाई होती, नाकात मोठी नथ, सोबत सून. तिनंही गोळ्या सोडल्या होत्या. मॅडमनी वहिनीला खूण केली आणि आत गेल्या. वहिनी त्या बाईजवळ सरकून बसली, तिचा हात हातात घेतला, आणि नेहमीचं सांगितलं.

पण त्या बाईनं उलट विचारलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“पण काऊन बंद केल्या होत्या तुमी?”

वहिनीनं मॅडमच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “बरं वाटून राह्यलं होतं न माय. अक्कल नव्हती मले.”

त्या बाईनं, खात्री करून घ्यावी तसं, माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीच उभा होतो.

मी मान हलवली. होय — असंच झालं होतं.